पाठींतलें पीक

कांहीं शब्दांची ग्रहदशा मोठी चमत्कारिक असते. जन्मतः ते थोरांच्या घरीं वावरतात, विद्वानांच्या तोंडीं खेळतात, आणि पुढें कोठें फासे उलटे पडतात कोण जाणे, बाजारांतल्या कोणींहि टपली मारावी अशी त्यांची अवस्था होते. 'प्लॅस्टिक' हा त्यांतलाच एक. मूळ ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'घडविण्यासारखें' असा होता. मूर्तिकाराच्या बोटांखालीं ओली माती जें रूप घेते त्याच्याशीं त्याचें नातें होतें. इंग्रजी कवि कोलरिज याच्या काळीं तर सृष्टीला आकार देणाऱ्या शक्तीलाच हें विशेषण लावीत. आज तोच शब्द शिवीच्या पंक्तीला जाऊन बसला आहे. ओठांपुरतें हंसणें तें प्लॅस्टिकचें, वास नसलेलें फूल तें प्लॅस्टिकचें. आम्हीहि या पापांत सहभागी आहों, हें प्रथमच सांगून टाकतों. विद्यार्थ्यांच्या कवितांवर अभिप्राय देतांना "फुलें आहेत, पण प्लॅस्टिकचीं" हें वाक्य आम्हीं इंग्रजीच्या वर्गांत इतक्या वेळां उच्चारलें आहे कीं, हल्लीं आम्हीं नुसतें "फुलें आहेत" म्हटलें तरी मागच्या बांकांवरून उरलेलें वाक्य ऐकूं येतें.

परंतु हा पदार्थ आमच्या घरांत शिरला, आणि घरांतहि थेट आमच्या वडील बंधूंच्या पाठीच्या कण्यांत शिरला, तेव्हांपासून तें वाक्य उच्चारतांना आमची जीभ अडखळते. त्याचीच ही हकीकत.

आमचें गांव नेर. यवतमाळ जिल्ह्यांतलें, अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें तालुक्याचें ठिकाण; जुनीं माणसें अजून नेर परसोपंत असें पूर्ण नांव घेतात. येथें काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन आणि ऊन. ऊन हें आम्हीं पिकांच्या यादींत मुद्दाम घातलें आहे. कारण तें येथें जितकें हमखास येतें तितकें दुसरें कांहीं येत नाहीं. मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसला म्हणजे दुपारीं रस्त्यावर कुत्रें दिसत नाहीं. प्लॅस्टिकची परीक्षा घ्यावयाची तर या गांवीं निराळी प्रयोगशाळा नको. गच्चीवर राहिलेली बादली दोन उन्हाळ्यांत पापडासारखी कुरकुरीत होते. दुकानाबाहेर रचून ठेवलेले पांढरे नळ मधोमध झोळीसारखे लोंबूं लागतात. आणि मांडवांतल्या खुर्च्यांविषयीं तर बोलावयासच नको. अशाच एका खुर्चीनें एका लग्नांत, अक्षता पडण्याच्या ऐन मुहूर्तावर, आम्हांस चारी पाय पसरून जमिनीवर उतरविलें होतें. वधूवरांपेक्षां त्या दिवशीं आमच्याकडेच अधिक लोकांनीं पाहिलें.

या गांवांत आमचे वडील बंधु शेती करीत. त्यांस सगळे दादा म्हणत, आम्हीहि दादाच म्हणतों. आमच्यापेक्षां ते बारा वर्षांनीं मोठे. वडील गेले तेव्हां दादांची मॅट्रिकची परीक्षा झाली होती आणि आम्ही पाटीवर बाराखडी गिरवीत होतों. त्यांनीं पुस्तकें बांधून माळ्यावर टाकलीं नि वखर हातीं घेतला. आणि पुढें आमची वेळ आली तेव्हां आम्हांस अमरावतीस कॉलेजांत पाठविलें. आमच्या शेक्सपिअरचा सगळा खर्च कापसानें भागविला, असें म्हटलें तर त्यांत अलंकार नाहीं. सुटींत घरीं आलों म्हणजे ते विचारीत, "काय शिकला रे बापू यंदा?" आम्ही 'हॅम्लेट' म्हणून सांगत असूं. "त्याचं काय झालं मंग?" असें ते विचारीत, आणि गोष्ट ऐकून झाल्यावर, "इचार लय केला त्यानं, काम नाही केलं," असा निकाल देत. पुढें आम्ही या नाटकावर पुष्कळ टीकाग्रंथ वाचले. परंतु इतका थोडक्यांत निकाल कोणी दिल्याचें स्मरत नाहीं.

२०१५ च्या पावसाळ्यांत दादांची पाठ गेली. तत्पूर्वीं पांच-सहा वर्षें ती दुखतच होती. परंतु दुखणें हा शेतकऱ्याच्या अंगाचा एक अवयवच असल्यासारखा असल्यामुळें त्याकडे कोणीं लक्ष दिलें नव्हतें. आतां डाव्या पायांत कळ उतरूं लागली, आणि वावराच्या धुऱ्यापर्यंत जावयास चार ठिकाणीं बसावें लागूं लागलें. नागपुरास दाखविलें. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी पार झिजली होती आणि वरचा मणका पुढें सरकून पायाकडे जाणारी शीर दाबीत होता. डॉक्टर तरुण व सुस्वभावी होते. त्यांनीं कागदावर चित्र काढून समजाविलें कीं, झिजलेली गादी काढून टाकावयाची, तिच्या जागीं एक छोटासा पोकळ ठोकळा बसवावयाचा, ज्याला ते 'केज' म्हणजे पिंजरा म्हणतात, आणि मागून चार स्क्रू व दोन दांड्या लावून सगळें पक्कें करावयाचें. स्क्रू टायटॅनियम धातूचे. पिंजरा कशाचा, असें आम्हीं विचारलें. डॉक्टर म्हणाले, "पीकचा."

दादांनीं मान वर केली. "पीक?"

"एक प्रकारचें प्लॅस्टिक असतें," डॉक्टर म्हणाले, "फार भारी. उष्णतेलाहि दाद देत नाहीं."

त्या नांवाची मौज दादांच्या तेव्हांच लक्षांत आली असावी. परंतु तेथें ते कांहीं बोलले नाहींत. परत येतांना गाडींत बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. वर्ध्याच्या पुढें केव्हां तरी आमच्याकडे वळून म्हणाले, "बापू, आपल्या वावरातला पाइप तुनं पाह्यला ना, मे महिन्यातला? जिलेबीवानी वाकते. मंग हे प्लाष्टिक पाठीत काऊन नाही वाकणार? इंग्रजी शिकला ना तू, सांग मले."

आम्हांस कांहींहि सांगतां येईना. संमतिपत्रावर आप्ताची सही म्हणून आमचीच सही व्हावयाची होती. ज्या माणसानें आमच्या शिक्षणासाठीं स्वतःचें शिक्षण माळ्यावर टाकलें त्याला त्या शिक्षणाचा उपयोग पहिल्यानेंच करून हवा होता, आणि तीस वर्षें प्लॅस्टिकच्या नांवानें खडे फोडणाऱ्या आम्हांस तें काय असतें याची अक्षरओळखसुद्धां नव्हती. ती रात्र आम्हांस चांगली गेली नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. वीस वर्षें त्यांचें नि आमचें टेबल शेजारीं शेजारीं; चहा नि महागाई भत्ता यांपलीकडे आम्हीं त्यांस कधीं कांहीं विचारलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं विचारलें. त्यांनीं खण उघडून एक नळीचा तुकडा आमच्या तळहातावर ठेवला. दीड मिलिमीटर जाडीची, कडक, पण वांकविली तर हळूच वांकून पुन्हां सरळ होणारी ती नळी अमरावतीस संशोधन करीत असतां त्यांनीं एका यंत्रांत वापरली होती. तिचा रंग थेट ज्वारीच्या भाकरीसारखा. "हेंच तुमचें पीक," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या नांवाच्या वस्तूनें असें साधें, घरगुती रूप घ्यावें याचें आम्हांस नवल वाटलें, आणि थोडा धीरहि आला.

मग त्यांनीं सांगितलें तें आम्हांस समजलें तसें येथें देतों. शास्त्रज्ञ वाचकांनीं आमच्या दाखल्यांना हंसूं नये. ते दादांना समजावून सांगण्यासाठीं जुळविले होते.

प्लॅस्टिकचीं दोन कुळें आहेत. एक गुळाचें, एक विटेचें. गूळ तापविला कीं वितळतो, थिजला कीं घट्ट होतो, पुन्हां तापविला कीं पुन्हां वितळतो. वीट एकदां भाजली कीं भाजली. तिची माती परत होत नाहीं. जुन्या घरांत विजेचीं जीं काळीं बटनें असत तीं बेकलाइटचीं, म्हणजे विटेच्या कुळांतलीं. लिओ बेकेलंड या मूळच्या बेल्जियन रसायनज्ञानें अमेरिकेंत १९०७ सालीं तें सिद्ध केलें. उष्णतेला न जुमानणारें प्लॅस्टिक म्हणून जगानें प्रथम त्यालाच ओळखलें. कुकरची मूठ आपण जी निर्धास्तपणें धरतों ती त्याच्याच जिवावर. परंतु विटेचे दोषहि त्यांत आले. तें ठिसूळ, आणि एकदां घडलें कीं त्याचें दुसरें कांहीं होत नाहीं. गुळाचें कूळ त्याहून गुणी. हव्या त्या सांच्यांत ओतावें, मोडलें तर वितळून पुन्हां ओतावें. त्याचें दुखणें एकच, ऊब. आमच्या शेतांतले पांढरे नळ ८० अंशांच्या आसपास मऊ पडतात; दुधाच्या पिशवीचें पॉलिथीन ११० ते १३० अंशांत पाणी होतें; नायलॉनच्या जाती २२० ते २६५ अंशांपर्यंत टिकतात.

पीक हें गुळाच्याच कुळांतलें. परंतु तें वितळतें ३४३ अंशांवर. हा आंकडा ऐकून आम्हांस विशेष कांहीं वाटलें नाहीं. तेव्हां रसायनशास्त्री म्हणाले, "शिसें ३२७ अंशांवर वितळतें." म्हणजे शिशाच्या रसांत हें प्लॅस्टिक टाकलें तर तें घन राहून वर तरंगेल! येथें आम्ही खुर्चींत सरसावून बसलों. वितळण्याच्या पुष्कळ आधींच पदार्थ ढिला पडतो हें खरें, आणि पीकचा ताठाहि १४३ अंशांपुढें कांहींसा उतरतो. तरी २५० अंशांच्या उष्णतेंत तें वर्षानुवर्षें काम करीत राहतें. कढईंतलें भज्यांचें तेलहि इतकें तापत नाहीं.

असें कां व्हावें? त्याचें पूर्ण नांव पॉलि-ईथर-ईथर-कीटोन. हें नांव नव्हे, कुंडलीच आहे. त्याच्या रेणूंत कोण कोणाशेजारीं बसला आहे तें त्यांत क्रमानें सांगितलें आहे. साध्या पॉलिथीनचा रेणु म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब सुतळी. जरा ऊब लागली कीं ती वळवळूं लागते. पीकच्या रेणूंत बेंझीनचीं कडीं ओळीनें गुंफलेलीं असतात, आणि हीं कडीं स्वतः वांकत नाहींत. त्यांच्यामधें कोठें प्राणवायूचा एक अणु, कोठें कार्बन-प्राणवायूची जोडी. तेव्हां ही सुतळी नव्हे, हा बांबू झाला. कडीं हीं त्याचीं ताठ कांडीं, मधले सांधे हीं पेरें. शिवाय वितळलेला रस सावकाश थंड होऊं दिला तर या बांबूंचा सुमारे एक-तृतीयांश भाग गंजींत रचलेल्या कडब्याच्या पेंढ्यांप्रमाणें एकाशेजारीं एक नीट रचून बसतो. ही गंजी विसकटावयास ३४३ अंश लागतात.

हा पदार्थ घडविण्यांतली अडचण तर आम्हांस फारच आवडली. साखळी वाढवावयाची तर ती कशांत तरी विरघळलेली हवी. परंतु ही साखळी थोडी वाढली कीं कोणत्याहि नेहमींच्या द्रवांतून घट्ट होऊन बाहेर पडते. ज्या गुणासाठीं ती हवी त्याच गुणामुळें ती होईना! शेवटीं इंग्लंडांतील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या रसायनज्ञांनीं डायफिनाइल सल्फोन नांवाचा एक पदार्थ ३०० अंशांच्या आसपास तापवून त्याच्या रसांत ती वाढविली. तें साल १९७८. पुढील दशकाच्या आरंभीं पीक बाजारांत आलें. विमानांतल्या तारांचें वेष्टन, मोटारींतलीं दांतेरीं चक्रें, हवा दाबणाऱ्या पंपांच्या झडपा, खोल तेलविहिरींतल्या नळांचीं बुचें अशा ठिकाणीं, जेथें पूर्वीं धातूशिवाय दुसऱ्या कोणाची मात्रा चालत नसे, तेथें तें जाऊन बसलें. वजनाला तें पोलादाच्या एक-षष्ठांश. नेहमींच्या द्रवांत तें विरघळत नाहीं. तीव्र गंधकाम्लच तेवढें त्याला विरघळवितें. अंगाला आग लागली तरी धूर थोडा, आणि ज्योत काढून घेतली कीं आपोआप विझतें. किंमत मात्र किलोला हजारोंच्या घरांत. तेव्हां त्याची बादली होण्याचा संभव नाहीं, आणि बादलीच्या दृष्टीनें तेंच बरें.

हें सारें साहेबाचें, असें समजून आम्ही मनांतल्या मनांत मान तुकवीत होतों, तोंच रसायनशास्त्र्यांनीं विचारलें, "केकी घरडा हें नांव ऐकलें आहे काय?" कापूसवाल्याच्या घरांत वाढल्यामुळें तें आम्हीं कीटकनाशकांच्या संबंधांत ऐकलें होतें. १९२९ सालीं जन्मलेले हे पारशी गृहस्थ मुंबईस माटुंग्याच्या रसायन-तंत्रज्ञान विभागांत शिकले, अमेरिकेस जाऊन डॉक्टर होऊन आले आणि त्यांनीं मुंबईस लहानशा प्रमाणावर रसायनांचा धंदा मांडला. डोंबिवली नि लोटे-परशुराम येथले त्यांचे कारखाने पुष्कळांस माहीत आहेत. जगांत पीक करूं शकणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके असतांना या गृहस्थांनीं तें गुजराथेंत पानोळीस करून दाखविलें. पुढें तो भाग बेल्जियमच्या सॉल्व्हे कंपनीनें विकत घेतला. घरडांना २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. २०२४ सालीं ते वारले. दादांच्या पाठींतला तुकडा त्यांच्या भट्टींतला होता असें नाहीं; तो परदेशाहून आलेला होता. तरी ज्या माणसाचीं औषधें आमच्या पऱ्हाटीवर शिंपडलीं जात त्याच्याच हातून हें दुसरें पीकहि निघालें, हें ऐकून आम्हांस उगाच ओळखीचें माणूस भेटल्यासारखें झालें.

येथवर आम्हीं सगळें टिपून घेतलें, आणि तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दादांच्या बाजेशेजारीं बसून सांगितलें. शिशाची गोष्ट त्यांना आवडली. ती त्यांनीं दोनदां सांगावयास लावली. मग थोडा वेळ विचार करून त्यांनीं एक प्रश्न केला, आणि तो असा होता कीं आम्हीं कागद मिटून खिशांत घातला.

"पण बापू, माया अंगात काय चूल पेटली हाये? अंगात तं अंगाएवढीच गरमी. मंग एवढं भट्टीतलं प्लाष्टिक कायले पाह्यजे?"

प्रश्न बिनतोड होता. मनुष्याचें शरीर ३७ अंशांचें. तेथें ३४३ अंशांच्या पैलवानाचें काय काम? आम्ही दुसऱ्या दिवशीं पुन्हां शेजारच्या टेबलाशीं गेलों. रसायनशास्त्री प्रथम हंसले, मग म्हणाले, हा प्रश्न मुलांनीं विचारावा म्हणून आपण दर वर्षीं वाट पाहतों, आणि आजवर तो कोणीं विचारलेला नाहीं.

पहिलें कारण साधें. अंगांत घालावयाची वस्तु आधीं १३४ अंशांच्या वाफेंत निर्जंतुक करावी लागते, आणि त्या दमट भट्टींत भलीं भलीं प्लॅस्टिकें तडकतात किंवा कुजतात. पीकला त्याचें कांहींच नाहीं. तें शेंकडों वेळां वाफारलें तरी तसेंच. पण खरें कारण दुसरें. शरीराच्या आंत चूल नसली तरी आंत कोमट खारें पाणी अहोरात्र आहे, आणि त्यांत वीस-तीस वर्षें बुडून राहणें ही कोणत्याहि पदार्थाला चुलींत बसण्याइतकीच कठीण शिक्षा आहे. बहुतेक प्लॅस्टिकें त्यांत हळूहळू फुगतात किंवा त्यांच्या साखळ्या तुटूं लागतात. ज्या घट्ट बांधणीमुळें पीक उन्हाला वांकत नाहीं त्याच बांधणीमुळें या पाण्यालाहि तें आंत शिरकाव करूं देत नाहीं. भट्टीची परीक्षा ही त्या बांधणीची नुसती ओळख. उपयोग निराळ्याच ठिकाणीं होतो.

मग टायटॅनियमचाच पिंजरा कां नको, हेंहि आम्हीं विचारून घेतलें; दादा तें विचारणार याची आतां खात्री होती. टायटॅनियमची मिश्र धातु हाडाच्या सुमारे सहापट ताठर, पोलाद दहापट. मणक्यांमधें असा ताठर पाहुणा बसविला कीं सगळा भार तोच उचलतो, आणि हाडाचा नियम असा कीं ज्यावर भार पडत नाहीं तें हाड झिजत जातें. पीक हें कठीण हाडापेक्षां उलट मऊ. तें भार सगळा स्वतःकडे घेत नाहीं, शेजाऱ्यालाहि उचलूं देतें. हें ऐकतांना आम्हांस आमचेंच घर आठवलें. चाळीस वर्षें दादांनीं सगळा भार एकट्यानें उचलला, आणि परिणाम काय झाला तर बैल कोणत्या बाजूला जुंपावा हें आम्हांस आज विचाराल तर सांगतां येणार नाहीं. हा दाखला मात्र आम्हीं दादांना दिला नाहीं.

या गुणी पदार्थाचा एक मोठा दोषहि ऐकावयास मिळाला, आणि तो डॉक्टरांनींहि नंतर प्रांजळपणें कबूल केला. हाड त्याला चिकटत नाहीं. टायटॅनियमला चिकटतें, म्हणून हल्लीं कोठें कोठें पीकवर टायटॅनियमचा पातळ लेप देतात. साध्या पीकचा पिंजरा पोकळ ठेवतात तो याचसाठीं. शस्त्रक्रियेंत रोग्याचेंच जें हाड कापून निघतें त्याचे बारीक तुकडे करून त्या पोकळींत भरतात. वरच्या नि खालच्या मणक्यांतून त्या तुकड्यांत नवें हाड उगवत येतें, आणि सहा महिन्यांत, वर्षभरांत, दोन्ही मणके आरपार एक होतात. तोंपर्यंत जागा धरून ठेवणें एवढेंच पिंजऱ्याचें काम.

हें सांगितल्यावर दादा बाजेवर उठून बसले. कळ लागली असली पाहिजे, कारण त्यांनीं ओठ आंवळले; पण डोळ्यांत हंसूं होतें. "म्हन्जे बी आपलंच, जमीन आपलीच," ते म्हणाले. "पीक तं हाडाचंच झालं. हे तुयं पीक म्हन्जे नुसतं कुंपण." आणि वहिनींना हांक मारून म्हणाले, "अवो, जिंदगीभर वावरात पीक घेतलं, आता पाठीत घेऊन पाहू. तिथं तं पावसाची वाट पाहाची गरज नाही."

कापसाची वेचणी उरकल्याशिवाय मात्र ते हलावयास तयार झाले नाहींत. २०१६ च्या जानेवारींत नागपुरास शस्त्रक्रिया झाली. संमतिपत्रावर आम्हीं सही केली. 'नातें' या शब्दापुढें 'धाकटा भाऊ' असें लिहिलें. खर्चाचा आंकडा येथें सांगत नाहीं. तो आमच्या भविष्य निर्वाह निधींतून गेला, आणि दादांच्या कानांवर तो जाऊं नये अशी आमची नि वहिनींची गुप्त व्यवस्था होती. पंधरा दिवसांत त्यांनीं ती फोडली. बोलले कांहीं नाहींत. त्या वर्षींच्या तुरीचे दोन कट्टे मात्र आमच्या दारांत आणून टाकले.

सहा महिन्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढलें. चार स्क्रू नि दोन दांड्या पांढऱ्या शुभ्र, ठसठशीत दिसत होत्या. पिंजरा कोठेंच नव्हता. दादांनीं घाबरून आमच्याकडे पाहिलें. पीकमधून क्ष-किरण आरपार जातात, हें आम्ही सांगावयास विसरलों होतों. तो कोठें बसला आहे हें कळावें म्हणून त्याच्या अंगांत टँटलम धातूचे टांचणीच्या डोक्याएवढे खिळे बसवितात. डॉक्टरांनीं पेन्सिलीनें ते ठिपके दाखविले, आणि त्या ठिपक्यांच्या मधें धुक्यासारखी एक पांढुरकी झांक दाखविली. तेंच उगवत असलेलें हाड. पिंजरा दिसत नाहीं म्हणून तर ती झांक दिसते. धातूचा असता तर त्याच्या छायेंत ती झांकली गेली असती. दादांनीं तें चित्र उजेडाकडे धरून इतका वेळ पाहिलें कीं बाहेरचे रोगी चुळबुळूं लागले. "डोबल्यात आलं," ते म्हणाले. पेरणीनंतर चौथ्या-पांचव्या दिवशीं मातीला तडे जाऊन कोंब डोकें काढतो त्याबद्दल आमच्या घरांत हाच शब्द आहे. डॉक्टरांना तो आम्हीं समजावून सांगितला.

पूर्ण बरें झालें असें म्हणतां येणार नाहीं. डाव्या पायाच्या आंगठ्याची बधिरता अखेरपर्यंत गेली नाहीं. चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे, आणि मग ती शोधावयास पुतण्या धुऱ्याधुऱ्यानें परत जाई. परंतु पायांतली कळ गेली. ओझें उचलूं नका असें बजावलें होतें. तें त्यांनीं किती पाळलें हें वहिनींस ठाऊक. आठ उन्हाळे त्यांनीं काढले, आणि प्रत्येक मे महिन्यांत, नळाचीं भेंडोळीं सावलींत ओढून घेतांना, पाठीवर थाप मारून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हे नाही वाकत बरं!"

२०२४ च्या मे महिन्यांत एका दुपारीं जेवून ते बाजेवर पडले, ते उठले नाहींत. हृदय थांबलें असें डॉक्टर म्हणाले. पाठीचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. संध्याकाळीं गांवाबाहेर बाभळीच्या नि निंबाच्या लांकडांवर त्यांना ठेवलें. उकाडा इतका होता कीं चितेची धग कोणती नि दिवसाची कोणती हें सांगतां येत नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं राख सावडावयास गेलों. पुतण्या नि आम्ही पुढें बसलों होतों. राखेवर पाणी शिंपडलें, आणि पुतण्याच्या बोटांना कांहीं तरी कठीण लागलें. एकेक करून चार स्क्रू निघाले, दोन दांड्या निघाल्या. रंग बदलून निळसर-तपकिरी झाला होता, परंतु आटे तसेच धारदार होते. पुतण्या बराच वेळ राख चाळीत राहिला. आम्ही काय शोधतोस म्हणून विचारलें नाहीं, कारण आम्हीहि तेंच शोधीत होतों.

शेवटीं तो म्हणाला, "काका, त्यातलं पीक कुठं गेलं?"

"जळलं," आम्हीं म्हटलें.

"पण ते तं गरमीनं काही होत नाही म्हणत होते ना तुमी?"

ऊन वेगळें, भट्टी वेगळी, चिता वेगळी. ६०० अंशांच्या आसपास त्याच्याहि साखळ्या तुटून धूर होतो, आणि लांकडाची आग त्याच्या कितीतरी पुढें जाते. हें सगळें आम्हांस आतां पाठ होतें. परंतु त्या वेळीं तें सांगण्यासारखें नव्हतें. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, तें त्यांच्याबरोबर गेलें. टँटलमचे ते ठिपके त्या राखेंत कोणाला सांपडणार? अस्थि वेंचून गाडग्यांत भरल्या आणि कौंडिण्यपुरास वर्धेच्या पात्रांत सोडून आलों.

स्क्रू नि दांड्या नदींत सोडूं नयेत असें पुतण्याच्या मनांत आलें. त्या त्यानें घरीं आणल्या, आणि तिफणीच्या फणांचे खिळे, फासे, जुनीं नट-बोल्टें ठेवण्याचा जो पत्र्याचा डबा आहे त्यांत टाकल्या. पंधरा दिवसांनीं मृगाचा पाऊस पडला. पेरणीच्या सकाळीं तिफणीचा एक खिळा निसटला म्हणून त्यानें डबा उपडा केला, तेव्हां त्यांतला एक स्क्रू त्यानें सहज लावून पाहिला. बसला नाहीं, आटे निराळे होते. त्यानें तो परत डब्यांत टाकला आणि दुसरा शोधूं लागला.